रुळांचं भाडं

बिल हातात आलं की बाई आधी त्याच्या तळाशी उजवा तळवा ठेवायच्या. एकूण रक्कम झाकून टाकायच्या. मग पहिल्या ओळीपासून डाव्या हाताचं बोट फिरवत सावकाश खाली यायच्या, कुठेतरी थांबायच्या आणि मान वर न करता विचारायच्या, "हे कोणी मोजलं?"

समोर बहुतेक वेळा मीच असायचो. "रेल्वेने मोजलं, बाई," असं मी म्हटलं की त्या म्हणायच्या, "रेल्वे म्हणजे कोण? माणूस सांगा."

रक्कम का झाकता, असं मी एकदा विचारलं होतं. आकडा आधी दिसला की माणूस एक तर घाबरतो नाहीतर खूश होतो, आणि दोन्ही वेळा मधलं वाचायचं राहून जातं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. आपलं नाव या कागदावर कोणी घातलं आणि कशासाठी, याचा त्यांनी आधी तपास केला असता.

आमचं ऑफिस महाडच्या औद्योगिक वसाहतीत, टायरच्या एका दुकानावरच्या दोन खोल्यांत होतं. शिफ्ट सुटली की खालून मोटरसायकलींचा लोंढा जायचा आणि वारा फिरला की कारखान्यांच्या वासाने खिडकी लावून घ्यावी लागायची. कंपनी छोटी, खासगी. कारखान्यांचा माल कंटेनरमध्ये भरून रेल्वेने बंदरापर्यंत न्यायचा, हा धंदा. कंटेनर आमचे, ते ठेवायच्या वॅगनी आमच्या. पण रूळ रेल्वेचे, इंजिन रेल्वेचं, सिग्नल आणि ड्रायव्हरही रेल्वेचेच. म्हणून प्रत्येक फेरीला रेल्वेला पैसे भरायचे. कागदोपत्री त्याला मोठं इंग्रजी नाव होतं. बाई त्याला रुळांचं भाडं म्हणायच्या आणि हळूहळू आम्हीही तेच म्हणू लागलो.

हे भाडं लागतं कसं, ते मला पाच वर्षं नोकरी करूनही नीट माहीत नव्हतं. संगणक आकडा दाखवायचा, आम्ही भरायचो. बाई आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून ते उलगडून दाखवलं. गाडी किती लांब जाणार, हे पहिलं. प्रत्येक कंटेनरमध्ये वजन किती, हे दुसरं. वजनाचे टप्पे ठरलेले, एका टप्प्यातून वरच्या टप्प्यात गेलं की दर बदलतो. कंटेनर भरलेला की रिकामा, हे तिसरं. रिकामी वॅगनसुद्धा फुकट जात नाही, कारण रूळ तिच्याखालीही झिजतो. आणि गाडी आमच्यामुळे साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी राहिली तर त्या उभं राहण्याचेही तास मोजतात.

"आता पहिलंच घ्या," त्या म्हणाल्या. "अंतर. आपल्या या मार्गावर गाडी जमिनीवर जेवढी चालते, त्याहून कागदावर जास्त चालते."

मी हसलो. मला वाटलं, बाई नेहमीसारख्या संशय घेताहेत. पण ते खरंच होतं. डोंगर फोडून, बोगदे आणि पूल बांधून केलेला मार्ग. तो खर्च निघावा म्हणून आकारणीसाठी अंतर वाढवून धरायचं, असा नियमच आहे. छापलेला नियम. बाईंची त्याला हरकत नव्हती. कोणी, का आणि किती वाढवलं ते लिहिलेलं असलं की त्यांना चालायचं. न लिहिता वाढलेलं किंवा घटलेलं त्यांना चालत नसे.

पहिल्या तीन महिन्यांत त्यांनी तीन चुका काढल्या. परतीच्या गाडीतले दोन रिकामे कंटेनर भरलेले म्हणून लागले होते. एकदा गाडी रेल्वेने आपल्या सोयीसाठी लांबच्या वाटेने नेली होती आणि भाडंही त्याच वाटेचं लावलं होतं. एकदा उभं राहण्याचे तास इंजिन यायच्या आधीपासून मोजले होते. प्रत्येक वेळी बाईंनी अर्ज लिहिला, जोडपत्रं लावली, आणि पैसे परत आले. आमचे शेठ पनवेलला बसायचे. ते फोनवर म्हणाले, हे रत्न कुठून आणलंस?

मी आणलं नव्हतं. त्या स्वतःच अर्ज घेऊन आल्या होत्या. वीस वर्षं पनवेलकडे मालधक्क्यावरच्या एका एजंटकडे काम करून, त्याचा धंदा बसल्यावर गावाकडे परतल्या होत्या. नाते गावाजवळच्या वाडीत घर. वय पन्नाशीच्या अलीकडचं. अंगाने बारीक, साडी नेहमी फिक्या रंगाची, पायात मात्र पुरुषी, जाड तळव्याचे बूट. रजा वर्षातून एकच, मार्चात तळ्यावर माणसं जमतात त्या दिवशी. बोलणं शहरी, पुस्तकी. राग आला तरच त्यात वाडीची बोली डोकवायची आणि आम्ही सावध व्हायचो.

संशय घेणं हा त्यांचा स्वभाव होता, असं म्हणून सोडून देता आलं असतं. आम्ही तसंच म्हणायचो. एकदा ऑफिसातल्या एकाच्या मुलीचं लग्न पोलादपूरला होतं. माझ्या गाडीतून चौघं निघालो. बाई पुढे, माझ्या शेजारी. महाड सोडल्यापासून त्यांची एक नजर रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर आणि एक माझ्या गाडीच्या मीटरवर. अर्ध्या वाटेत म्हणाल्या, "तुमचं मीटर जास्त पळतंय, नाहीतर रस्ता रुंद करताना दगड सरकवलाय." मागे बसलेले हसले. परतताना त्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरल्या, दगडाच्या बुडाशी वाकून पाहिलं आणि येऊन बसल्या. "दगडच सरकलाय. बुडाला ताजं सिमेंट हाय." त्यानंतर महाड येईपर्यंत त्या समाधानाने गप्प होत्या.

भाजीवाल्याच्या काट्यावर त्या आधी आपला डबा ठेवून बघत. डबा किती वजनाचा ते त्यांना ठाऊक असे. औषधाच्या दुकानातल्या वजनाच्या यंत्रावर चढल्या तर उतरून परत चढत. आम्ही त्यांच्या मागे त्यांच्या नकला करायचो. मी जरा बऱ्या करायचो.

मग ती वेळ आली.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं मी माझ्या सोयीने सांगितलं असं होईल. कंटेनरचं वजन आम्ही सांगू तेच धरलं जाई. शंका आली तरच रेल्वे गाडी काट्यावर घेई. आणि आम्ही ते कमी सांगत होतो. सगळ्या कंटेनरचं नव्हे. ज्यांचं वजन वरच्या टप्प्यात थोडंसंच गेलेलं असे, त्यांचं. एखाद-दोन टन खाली आणलं की खालचा दर लागे. शेठनी मला ते फोनवर सांगितलं होतं, कागदावर कधीच नाही. कारखान्याकडून खरं वजन यायचं माझ्याकडे आणि रेल्वेच्या फॉर्मवर दुसरंच जायचं माझ्या हातून. बाई येण्याच्या आधीपासून हे चाललेलं. बाईंकडे यायचं ते रेल्वेचं बिल आणि आमच्या फॉर्मची प्रत. ती दोन्ही एकमेकांशी जुळायचीच. सगळेच करतात, असं मी स्वतःला सांगत असे. ते खरंही असेल. मी कधी चौकशी केली नाही.

एके दिवशी आमची गाडी वाटेत काट्यावर घेतली गेली. दोन कंटेनर जड निघाले. दंड लागला.

शेठचा फोन आला. रागावलेले नव्हते, आणि तेच वाईट होतं. त्यांनी शांतपणे मला विचारलं, की एवढ्या गाड्यांमधून आपलीच गाडी कशी काट्यावर गेली? बातमी कोणी दिली? रेल्वेच्या माणसांशी कोणाची ऊठबस आहे? मग स्वतःच म्हणाले, "वीस वर्षं मालधक्क्यावर काढलेली बाई आहे ती. लक्ष ठेव."

मी फोन ठेवला आणि पलीकडच्या खोलीत गेलो, तर बाई दंडाच्या कागदावर तळवा ठेवून बसलेल्या.

"दोनच कंटेनर जड?" त्या म्हणाल्या. "बाकीचे कोणी मोजले?"

कारखान्याकडून चूक झाली असेल, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मला वाटलं, ही बाई काहीतरी लपवतेय. त्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवसापासून आम्ही दोघं एकमेकांवर नजर ठेवून होतो. मी शेठच्या सांगण्यावरून, त्या कोणाच्याच सांगण्यावरून नाही.

एकदा संशय मनात घेतला की माणसाची प्रत्येक हालचाल त्यात बसते. बाई जेवणाच्या सुट्टीत फोनवर हळू बोलायच्या. पूर्वी मला ते कधी दिसलंही नव्हतं. त्यांच्या पिशवीत एक लांबट वही होती, ती त्या टेबलावर ठेवत नसत. शनिवारी निघताना त्या खालच्या दुकानदाराला रविवारच्या सकाळच्या एसटीची वेळ विचारताना मी ऐकलं. वाडीकडे जाणारी नव्हे, स्टेशनकडे जाणारी.

रविवारी मी मोटरसायकल काढली. एसटीच्या बरंच मागे राहिलो. महाड शहराला रेल्वे नाही. स्टेशन तालुक्याच्या कडेला, खाचरांमध्ये. बाई उतरल्या, फलाटावर न जाता बाजूच्या पायवाटेने चालू लागल्या आणि रुळांना समांतर बऱ्याच पुढे गेल्या. तिथे मार्ग वळण घेऊन डोंगर फोडून केलेल्या कापात शिरतो. मी पाण्याच्या एका पडक्या टाकीमागे उभा राहिलो. ऊन चढलं होतं.

थोड्या वेळाने वळणावरून एक माणूस चालत आला. नारिंगी जाकीट, खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा. बाई उठल्या. दोघं बांधावर बसले. बाईंनी पिशवीतून काहीतरी काढून त्याला दिलं. मग ती वही बाहेर आली. तो माणूस रुळाकडे हात करून बोलत होता आणि बाई लिहून घेत होत्या. अर्धा तास.

मला आणखी काय हवं होतं? घरी येऊन मी शेठना कळवलं. बाई सुट्टीच्या दिवशी रेल्वेच्या माणसाला भेटतात, त्याला काही देतात, त्याच्याकडून काही लिहून घेतात. प्रत्येक शब्द खरा होता. शेठ म्हणाले, महिनाअखेरीस बघू.

त्यानंतरच्या बुधवारी कारखान्यातून स्टेशनकडे निघालेले आमचे तीन ट्रेलर वसाहतीच्या फाटकाजवळ थांबले. तिथे इब्राहिमभाईंचा खासगी वजनकाटा होता. इब्राहिमभाई तरुणपणी आखाती देशात बंदरावर होते; परत आल्यावर त्यांनी हा काटा टाकला. ट्रेलर कोणी थांबवले, तर बाईंनी. फाटकाशी उभं राहून हात केला आणि ऑफिसचं ओळखपत्र दाखवलं. काट्याचे पैसे स्वतःच्या पाकिटातून दिले. इब्राहिमभाई मला नंतर म्हणाले, "बाईंनी आधी मलाच काट्यावर उभं केलं. दवाखान्यात वजन किती भरलं होतं ते विचारलं. जुळलं, तेव्हा ट्रेलर चढवू दिले."

दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या. दार लावलं. तीन पावत्या आणि आमच्या फॉर्मची प्रत शेजारी शेजारी ठेवली.

"हे मी मोजलं," त्या म्हणाल्या. "हे कोणी लिहिलं?"

फॉर्मवर माझी सही होती. मी म्हणालो, कारखान्याने दिलं तसं लिहिलं.

"साहेब, कारखान्यातून काय येतं ते मी सकाळी तिथल्या मुनिमाला विचारून आले. तो खरा आकडा देतो. हे कोणी लिहिलं?"

"मी," मी म्हणालो.

त्या खुर्चीत बसल्या. मला वाटलं होतं, आता आरडाओरडा होईल, किंवा सौदा. मी खरंच सौद्याची वाट पाहत होतो. आवाज खाली आणून मी त्यांना म्हणालो, की हे शेठचं आहे, मी हुकमाचा ताबेदार, आणि थोडक्या वजनाने रेल्वेचं काय बिघडतं? शिवाय तुम्हीही रेल्वेच्या माणसाला भेटता, काही देता-घेता, ते मला ठाऊक आहे.

"त्या रविवारी टाकीमागं तुम्हीच होतात," बाई म्हणाल्या. "उन्हात टोपी घालत जा."



मग त्यांनी सांगितलं. तो माणूस धोंडू. वळणापासून कापापर्यंतच्या रुळांचा चावीवाला. रूळ ज्या लोखंडी चाव्यांनी जखडलेला असतो त्या रोज चालत बघायच्या, सैल झाली ती ठोकायची, तुटली ती बदलायची, हे त्याचं काम. बाई त्याला भाकरी आणि सुकट घेऊन जात, कारण तो त्यांच्या नवऱ्याचा सोबती होता. गाडी काट्यावर गेल्यानंतर बाईंनी त्याला विचारलं, तुझ्या वळणावर काही वेगळं दिसतं का? तो म्हणाला, दिसतं. तुमची कंटेनरची गाडी गेली की दुसऱ्या दिवशी वळणाच्या बाहेरच्या रुळाच्या चाव्या जास्त सैल सापडतात. कोणत्या दिवशी किती, ते त्या वहीत होतं. तो पुरावा नव्हे, हे बाईंनाही कळत होतं. ऊन, पाऊस, दुसऱ्या गाड्या, सगळ्यांनी चाव्या सैल होतात. पण शंका घ्यायला तेवढं पुरे होतं.

"तुम्हाला वाटतं, हे भाडं म्हणजे रेल्वेने लावलेला कर हाय," त्या म्हणाल्या. बोली आली होती, पण आवाज चढला नव्हता. "गाडीनं रुळाचं जेवढं खाल्लं तेवढं परत ठेवायचं, त्याची ती मोजणी. तुम्ही वजन लपवलंत तरी रुळाला कळतं. आणि ते निस्तरायला एक माणूस हातोडा घेऊन चालत येतो. त्याला कोणी सांगितलं नाय, की गाडी जड हाय. तो आपला रोजच्यासारखाच चालतो."



नवऱ्याबद्दल त्या कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या, तेही चार वाक्यं. मार्ग नवीन असतानाची गोष्ट. तो ठेकेदाराकडे पावसाळी गस्तीवर होता. कापात दरड आली आणि तो गेला. ठेकेदाराने कागद केला, की मृत माणूस त्याला नेमून दिलेल्या हद्दीच्या बाहेर सापडला, म्हणजे तो कामावर नव्हता, म्हणजे भरपाईचा प्रश्न नाही. बाई तेव्हा पंचविशीच्या आत. विहिरीचा दोर घेऊन त्या पावसात गेल्या, हद्दीच्या खांबापासून त्या जागेपर्यंत दोर टाकत टाकत मोजलं. जागा हद्दीच्या आत होती. सत्तर हात आत.

"ठेकेदाराच्या ऑफिसात मी ते सांगितलं तर तिघं हसले. एकानं विचारलं, हे कोणी मोजलं? मी म्हटलं, मी. मग दोन वर्षं लागली. पण शेवटी त्यांना येऊन मोजावं लागलं."

ऑफिसातला प्रत्येक जण ज्या वाक्याची नक्कल करायचा, ते वाक्य आधी त्यांच्या तोंडावर फेकलं गेलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर माझीच नक्कल आली.

पावत्या उचलून त्या म्हणाल्या, की सोमवारच्या गाडीचं वजन खरं लिहा. मी कुठं तक्रार करणार नाय, मला ते जमत नाय. पण खोट्या वजनाच्या बिलावर मी तपासलं म्हणून सही करणार नाय.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगायला बरं वाटत नाही. शुक्रवारी शेठ स्वतः महाडला आले. बाईंना बोलावलं. माझ्या समोर त्यांना सांगितलं, की तुम्ही रेल्वेच्या माणसांना भेटता, कंपनीची माहिती बाहेर जाते, उद्यापासून येऊ नका. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला एवढंच म्हणायचं होतं, की मी पाहिलं ते चूक समजलो. एक वाक्य. शेठ खुर्चीत होते, माझ्या मुलीची बारावी होती, आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. मी टेबलावरचा स्टेपलर सरळ केला.

बाईंनी विचारलं, "हे कोणी पाहिलं?" शेठनी माझं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, "बरं." वही पिशवीत घातली, पंखा बंद केला, आणि गेल्या. जिन्यावर त्यांच्या जाड बुटांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत एकसारखा येत राहिला.

सोमवारी सकाळी मी फॉर्म भरायला बसलो. कारखान्याचे आकडे डावीकडे, रिकामा फॉर्म उजवीकडे. सवयीने पहिल्या कंटेनरचं वजन खाली आणून लिहिलं आणि मग पुढे लिहिता येईना. मोठेपणा म्हणून हे सांगत नाही. माझ्या डोक्यात रेल्वे नव्हती, न्याय नव्हता. तो नारिंगी जाकिटातला माणूस बांधावर बसून भाकरी खाताना दिसत होता, आणि तीच भाकरी मी लाच म्हणून कळवली होती. मी तो फॉर्म फाडला. दुसरा घेतला. सगळी वजनं आली तशी लिहिली.

भाडं जास्त आलं. शेठचा फोन आला. मी म्हणालो, वजन आहे तेवढं लिहिलं. ते बराच वेळ बोलले. पुढच्या गाडीला परत खाली आण, म्हणाले. मी सांगितलं, की तोच माल, तोच कारखाना, आणि आता खरं वजन रेल्वेच्या संगणकात आहे. परत कमी दाखवलं तर शंका येईल. हे वाक्य बाईंनी ऐकलं असतं तर त्यांनी माझ्यावर आणखीच संशय घेतला असता, कारण खरेपणासाठी मी भीतीचं कारण पुढे केलं होतं. पण ते चाललं. वजनं खरी जात राहिली, आणि वरच्या टप्प्याचं भाडं टाळायला कारखाने काठावरच्या कंटेनरमध्ये माल थोडा कमीच भरू लागले. चार महिन्यांनी शेठनी माझ्या जागी पुतण्याला बसवलं. तोवर दुसरं लिहायची सोय राहिली नव्हती. मला एका कारखान्यात माल पाठवण्याच्या खात्यात काम मिळालं. अजून तिथेच आहे.

बाईंना हे सांगायला हवं, असं वाटत राहिलं आणि मी टाळत राहिलो. शेवटी एका रविवारी नाते गावी गेलो, वाडी शोधली. घराला कुलूप. शेजारची बाई धान्य निवडत होती. तिने मला नीट न्याहाळलं, कोण, कुठून, कशाला, सगळं विचारलं, आणि मग म्हणाली, "ती लेकीकडं गेली, चिपळूणला. आता तिकडंच राह्यची हाय." फोन नंबर मागितला तर म्हणाली, विचारल्याबिगर देऊ नको असं सांगून गेलीय.

तिथून मी स्टेशनकडे वळलो. उन्हाची टोपी होती डोक्यावर. वळणाजवळ धोंडू सापडला. मी कोण ते सांगितल्यावर त्याने हातोडा खाली ठेवला आणि बांधावर बसला. मीही बसलो. त्याला देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

चाव्यांचं विचारलं. "आता कमी सुटतात," तो म्हणाला. "कशानं ते नाय सांगता येत. पन कमी."

बाईंना हे कळलं का, असं मी विचारलं.

"तिला कळलं ना. काम सुटल्यावर दोनदा येऊन गेली. दुसऱ्या खेपेला म्या सांगितलं, गाडी हलकी झाली नायतर भाडं खरं झालं, कायतरी झालं हाय."

"मग काय म्हणाल्या?"

"वहीत लिवून घेतलं. म्हणाली, चांगलं हाय, पन धोंडू, आनखी दोन महिनं बघ."

मला हसू आलं. माझ्याबद्दल काही बोलल्या का, हे विचारायचं धाडस झालं नाही. धोंडूने आपणहून एवढंच सांगितलं, की चिपळूणला जायच्या दिवशी ती सकाळच्या गाडीने जाणार हे त्याला ठाऊक होतं. गाडी येताना चावीवाल्याने रूळ सोडून बाजूला उभं राहायचं असतं, तसा तो बांधावर उभा राहिला. गाडी वळणावर हळू होते. तिसऱ्या की चौथ्या डब्यात, खिडकीशी, ती दिसली.

"म्या हात केला," धोंडू म्हणाला. "तिनं नाय बघितलं. गजाला कपाळ टेकून ती खाली रुळाकडं बघत होती. वळण संपस्तोवर."